हाताखाली

दर शनिवारी बारा वह्या येतात टेबलावर,
बारा होतकरू शिक्षकांच्या.
खिडकीबाहेर सरोवर, त्यावर जलपर्णीचा हिरवा पसारा,
आणि जाळ्यावर वाळत घातलेल्या ओमेना मासळीचा वास,
जो किसुमूत फक्त पाहुण्यांना येतो.

मी लाल पेन काढते.
जेरोतिचनं लिहिलंय, "मुलगी फार हट्टी आहे."
हट्टी खोडते. फारही.
समासात लिहिते : हातांनी काय केलं?
वांडेरा लिहितो, "बिचारा दिवसभर एकटा बसून होता."
बिचारा खोडते.
एकटा खोडते. तू होतास ना शेजारी?
नाफुलाचं अक्षर मोत्यांचं,
पानोपानी देवाचे आभार.
देवाला राहू देते, बाकीचं पुन्हा लिहायला सांगते.

"मॅडम पेरेझना विशेषणांची ॲलर्जी आहे,"
होस्टेलवर म्हणतात. कानावर येतं माझ्या.

माझीही एक वही आहे, एक्क्याण्णव सालची,
पुठ्ठा वाळवीनं खाल्लेला.
बावीस वर्षांची होते, नवी साडेतीन इंची टाच,
नवं प्रमाणपत्र.
ओगोला सात वर्षांचा. दिसत नव्हतं, ऐकू येत नव्हतं.
मी त्याचे हात वरून धरायचे,
चमचा त्याच्या मुठीत कोंबायचे,
कुलपात किल्ली फिरवावी तसं मनगट फिरवायचे.
तो चावला.
अंगठ्यावरचा वण अजून थंडीत ठणकतो.
त्या रात्री कंदिलापाशी बसून लिहिलं :
"हा शिकेल असं वाटत नाही."

विशेषण एकही नाही.
तरीही.

शाळेच्या स्वयंपाकघरात मामा दोर्सिला होती,
तिसरीत शाळा सुटलेली.
ती मासे साफ करत होती, आणि ओगोलाचे हात
तिच्या हातांच्या पाठीवर,
गाईच्या पाठीवर बगळे बसतात तसे.
तिनं ते धरले नव्हते.
सुरी, खवले, आतडं, पाणी,
सगळं त्याला तिच्या हाडांतून कळत होतं.
मासे संपले. ती थांबली.
त्यानं तिच्या मनगटावर दोन बोटं आपटली.
थांबला. पुन्हा आपटली.
दोर्सिलानं साफ केलेलाच एक मासा परत उचलला.

मी दारात. अंगठ्याला पट्टी.
ती मागं न बघता म्हणाली,
"वरून कशाला धरतेस गं? तो काय चोर आहे?"

त्याच्यापुढे हात टेकलेच होते मी.
दुसऱ्या दिवशी खरोखर टेकले,
चटईवर, तळवे खाली करून,
आणि वाट पाहिली.
अकरा दिवस काही झालं नाही.
हे मी वर्गात सांगते तेव्हा कोणीतरी जांभई देतं.
द्यावी. अकरा दिवस मीही देत होते.

काल वांडेरानं विचारलं, ओगोलाचं पुढं काय झालं?
सगळ्यांचे चेहरे वर. सुतार झाला असेल,
निदान जाळी विणत असेल, असं हवं होतं त्यांना.
मी म्हटलं, तिसऱ्या वर्षी आई त्याला होमा बेला घेऊन गेली.
पत्र आलं नाही.
झोक्याची खूण म्हणून आम्ही दोरीचा एक तुकडा वापरायचो,
तो शाळेत सापडला नाही नंतर.
बहुधा त्याच्या खिशात गेला.
एवढंच.
वर्ग नाराज झाला. मी हजेरी घेतली.

आज जेरोतिचची वही पुन्हा आलीय.
"मुलीनं माझ्या मनगटावर दोनदा बोटं आपटली.
मला अर्थ कळला नाही.
मी हात तिथंच ठेवला.
जेवणाची घंटा झाली तरी ठेवला."

लाल पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं.
समासात काय लिहावं सुचेना.
एक विशेषण अगदी पेनाच्या टोकाशी आलं होतं.
शेवटी तारीख टाकली
आणि मुलीचं जेवण राहिलं का, एवढं विचारलं.